सवडीवर सोडलेली मैत्री

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथं रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरचे टीव्ही, मोबाइल बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा होतो, मग ज्याला जे बघायचं ते त्यानं खुशाल बघावं. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आली आणि वर्ग उघडल्यावरही पोरांच्या हातातून मोबाइल सुटेना, म्हणून गावानं हा निर्णय घेतला. देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली, ती मुलांच्या अभ्यासाची आणि मोबाइलच्या नादाची. ते योग्यच होतं. मला मात्र या निर्णयातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. ‘घरच्यांसाठी वेळ काढत चला’ असं आवाहन करून गाव थांबलं असतं, तर चार दिवस सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या आणि पाचव्या दिवशी मालिका सुरू झाल्या असत्या. गावानं वेळ ठरवून टाकली, सगळ्यांना एकच ठरवली, आणि आज वेळ काढायचा की उद्या हा विचार रोज नव्यानं करण्याची कटकट माणसांच्या मागून काढून घेतली.

मोठ्या माणसांच्या मैत्रीचं दुखणं नेमकं इथंच आहे, असं माझं म्हणणं आहे. साताऱ्यातल्या किंवा सांगलीतल्या चाळिशीच्या कुणाही नोकरदाराला, दुकानदाराला, शिक्षिकेला विचारा, मित्रमैत्रिणी आहेत का? ‘आहेत की!’ असं उत्तर येईल. शेवटची भेट कधी झाली, असं विचारलं की कुणाचं तरी लग्न निघतं, नाहीतर कुणाचा तरी दहावा. मधल्या काळात फोनवर एक वाक्य शंभरदा बोलून झालेलं असतं: ‘भेटू एकदा निवांत.’ हे वाक्य बोलणारा खोटं बोलत नसतो, त्याला खरोखरच भेटायचं असतं. पण ‘एकदा’ हा कुठला वार नाही आणि ‘निवांत’ ही कुठली जागा नाही. मैत्री आटली की आपण दोष देतो तो माणसांच्या बदलत्या स्वभावाला, संसाराला, पैशाच्या मागं धावण्याला, मोबाइलला. या सगळ्यात थोडं थोडं तथ्य आहे. तरी मुख्य कारण त्याहून साधं आहे. शाळेत आणि कॉलेजात ठरलेला वार, ठरलेली जागा आणि हाताला काहीतरी काम या तीन गोष्टी आपल्याला आयत्या मिळतात. त्यांच्या जोरावर मैत्री होते आणि आपण समजतो की ती आपल्या मनाच्या ओढीनं झाली. पुढं त्या तिन्ही गोष्टी जातात, ओढ तशीच राहते, आणि नुसत्या ओढीवर मैत्री तग धरत नाही.

याला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या गावी राहायला गेलेली मोठी माणसं आणि कॉलेजात नव्यानं दाखल झालेले विद्यार्थी यांच्या ओळखी मैत्रीपर्यंत पोचायला किती तास लागतात, हे त्यांनी मोजून पाहिलं. ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास, खरी मैत्री व्हायला ९० तास आणि जिवलग म्हणण्याइतकी जवळीक व्हायला २०० तासांहून जास्त, असा हिशोब निघाला. नुसते तास भरले की झालं, असं अर्थातच नाही. पोटापाण्याच्या कामात शेजारी बसून गेलेल्या तासांचं वजन कमी पडतं, हेही त्याच अभ्यासात दिसलं. बँकेत वीस वर्षं शेजारच्या काउंटरवर बसलेली दोन माणसं निवृत्तीनंतर एकमेकांच्या घरची पायरी चढत नाहीत, याचं नवल वाटायला नको. आता हे आकडे आपल्या आयुष्याला लावून पाहा. महिन्यातून एकदा दोन तास भेटणाऱ्यांचे वर्षाला २४ तास होतात, म्हणजे दोनशेचा पल्ला गाठायला आठ वर्षांहून जास्त. आठवड्यातून एकदा दोन तास भेटणाऱ्यांना तोच पल्ला दोन वर्षांत गाठता येतो. आणि ‘एकदा निवांत’ भेटणाऱ्यांना या जन्मी नाही. त्याहून जुना एक अभ्यास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेनं विवाहित विद्यार्थ्यांसाठी वसाहत बांधली होती. तिथल्या मैत्रीचा अभ्यास लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केला. कुणाला कुठलं घर मिळावं, हे रहिवाशांच्या हातात नव्हतं. तरीही मैत्री जमली ती प्रामुख्यानं शेजारच्या दारांत, आणि जिन्याजवळ, टपालाच्या पेट्यांजवळ राहणाऱ्यांची ओळख इतरांपेक्षा दांडगी झाली. येता-जाता, न ठरवता, पुन्हा पुन्हा समोर येणं हा मैत्रीचा पाया असतो, आणि ते समोर येणं जागेच्या रचनेतून घडतं.

आपल्याकडच्या जुन्या माणसांनी हे अभ्यास वाचले नव्हते, पण त्यांचं जगणं त्या रचनेवरच उभं होतं. एकटा सातारा जिल्हा घ्या, म्हणजे जुना सातारा. सांगलीचा बराचसा मुलूख १९४९ मध्ये त्यातूनच ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. कृष्णाकाठच्या या पट्ट्यात शेतकरी पैरा करत. आज चार घरांनी माझ्या रानात भांगलण करायची, परवा मी त्यांच्या रानात जायचं, आणि कुणाचा पैरा कुणावर फिटायचा राहिलाय हे तोंडपाठ असायचं. एकादशीला भजन असायचं, तालमीत रोजची जोर-बैठक असायची, बाजाराचा वार ठरलेला असायचा. माण-खटाव-पाटणची माणसं मुंबईत गिरणीत आणि माथाडी कामाला गेली, तिथंही ती गावकीच्या खोलीत एकत्र राहिली आणि एका खानावळीत जेवली. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा मुक्काम करत पुढं जाते. त्या दिंड्यांमध्ये वर्षानुवर्षं तीच माणसं त्याच ओळीत चालतात. वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहिलेले दोन म्हातारे चांदोबाच्या लिंबाजवळच्या उभ्या रिंगणात शेजारी शेजारी उभे असतात आणि मागच्या आषाढात अर्धवट राहिलेलं बोलणं पुढं सुरू करतात. यातल्या कुठल्याही गोष्टीचा हेतू मैत्री हा नव्हता. हेतू भांगलणीचा होता, पुण्याचा होता, पोट भरण्याचा होता. मैत्री त्याच्या अंगाला लागून येत होती.

आज ही रचना जिथं शाबूत आहे, तिथं मैत्रीही शाबूत आहे, आणि याचा सगळ्यात ठळक पुरावा म्हणजे बायकांची भिशी. शिकली-सवरलेली पुरुषमंडळी भिशीला हसतात. साड्या, दागिने आणि चुगल्या, एवढंच त्यांना दिसतं. जरा जवळून पाहिलं पाहिजे. महिन्याची तारीख ठरलेली, घर पाळीनं बदलणार. सगळ्या जमल्या की हप्ते गोळा होतात, एक जण वहीत खुणा करते, डब्यात नावांच्या चिठ्ठ्या घालतात आणि घरातल्या सगळ्यात लहान पोराला एक उचलायला सांगतात. ज्यांचे नंबर लागून गेले त्यांच्या चिठ्ठ्या आता डब्यात नाहीत, पण त्यांनाही शेवटच्या महिन्यापर्यंत हप्ता घेऊन यावंच लागतं. सगळी गंमत या नियमात आहे. आज कंटाळा आलाय, डोकं दुखतंय, पाहुणे आलेत, असली कारणं भिशीला चालत नाहीत, कारण तुमचा हप्ता नसेल तर दुसरीच्या पैशाला कात्री लागते. पैशाचं काम पाव तासात उरकतं. मग भडंग आणि चहा येतो, आणि पुढचा दीड तास कुणाच्या सासूचा हात मोडला, कुणाच्या पोरीला आलेलं स्थळ का मोडलं, कुणाच्या नवऱ्याच्या बदलीचं काय झालं, याची उजळणी होते. बारा महिन्यांत प्रत्येकीच्या घरात प्रत्येक जण जाऊन आलेली असते, तिच्या स्वयंपाकघरात उभी राहिलेली असते. शिवाय भिशीनं बाईला बाहेर पडायला एक कारण दिलंय. ‘मैत्रिणीकडे जाऊन येते’ म्हटलं की अजूनही पुष्कळ घरांत ‘कशाला?’ असा प्रश्न येतो. ‘भिशी आहे’ म्हटल्यावर कुणी काही विचारत नाही. माण तालुक्यात म्हसवडला १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली, ग्रामीण बायकांनी बायकांसाठी चालवलेली. तिच्यासारख्या संस्थांचा आणि गावोगावच्या बचत गटांचा हिशोब आपण कर्जात आणि ठेवींत मांडतो. पैशाच्या निमित्तानं बायका ठरल्या वेळी एकत्र बसू लागल्या आणि त्यातून सासरच्या गावात त्यांना मैत्रिणी मिळाल्या, हा नफा कुठल्याच ताळेबंदात येत नाही.

या भिशीच्या शेजारी दहावीच्या बॅचचा स्नेहमेळावा ठेवून पाहा. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडं या मेळाव्यांचं पीक आलंय. कुणीतरी व्हॉट्सअॅप गट काढतो, दोन महिने जुन्या नावांचा शोध चालतो, पंचवीस-तीस वर्षांनी वर्ग पुन्हा भरतो. सारख्या रंगाचे टी-शर्ट किंवा फेटे, निवृत्त गुरुजींना शाल-श्रीफळ, दुपारी जेवणावळ, डोळ्यांत पाणी. मी या मेळाव्यांची टर उडवणार नाही. पुण्या-मुंबईहून, कधी परदेशातून माणसं त्यासाठी येतात, तेव्हा त्यांना काहीतरी मनापासून हवं असतं. पण मेळाव्यानंतरच्या गटाकडं पाहा. पहिला आठवडा फोटो. दुसरा आठवडा ‘पुढच्या वर्षी सहलीला जाऊ’. तिसऱ्या महिन्यात सकाळची फुलं, सुविचार, वाढदिवसाचे केक, आणि मग निवडणूक आली की भांडण. दोन-तीन माणसं गट सोडतात. शंभर जणांचा मेळावा घेणाऱ्या या बॅचमधल्या, एकाच शहरात राहणाऱ्या सहा जणांनी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी एका ठरलेल्या हॉटेलात मिसळ खायला भेटायचं ठरवलं असतं, तर खर्च नगण्य आला असता आणि मैत्री खरी झाली असती. आपल्याला सोहळा जमतो. रोजचं साधं भेटणं आपण सवडीवर सोडतो.

यावर पहिला आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो हळव्या माणसांचा असेल: वार आणि वेळ ठरवून केलेली ती कसली मैत्री? मैत्री उत्स्फूर्त असावी, मनात आलं की दार ठोठावता यावं. ठोठावता यावं हे मलाही मान्य आहे. पण ज्याच्या दारावर तुम्ही रात्री अकरा वाजता निर्धास्त थाप मारू शकता, तो माणूस तुम्हाला कुठं भेटला होता ते आठवून पाहा. वर्गात, वसतिगृहाच्या खोलीत, एसटीच्या पासाच्या गाडीत, नाटकाच्या तालमीत, गणेश मंडळाच्या मांडवात. ठरलेल्या भेटींचे शेकडो तास आधी साठले होते, म्हणून ही थाप मारता येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि शहरातल्या हजारो माणसांना घरदार सोडावं लागलं, तेव्हा लोक निवारा छावण्यांत गेले तसेच ओळखीपाळखीच्या घरीही गेले. कुणाच्या घरी अंथरूण-पांघरूण घेऊन आठवडाभर राहायचं, हा निर्णय पाणी दारात आल्यावर पाच मिनिटांत घ्यावा लागतो, आणि त्या पाच मिनिटांत नवी मैत्री करता येत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. ज्या जुन्या रचनेचे मी गोडवे गातो, ती सगळ्यांची कधीच नव्हती. गावचा पार पुरुषांचा होता, त्यातही ठरावीक जातींच्या पुरुषांचा. दलितांना त्यावर बसता येत नव्हतं आणि बायका त्याच्याकडं मान वर करून बघतही नव्हत्या. पैरा भाऊबंदांत फिरायचा. तालीम आळीची, म्हणजे पुष्कळदा जातीची. वारीसारख्या समतेचं नाव घेणाऱ्या परंपरेतही दिवसभर बरोबर चालणारी, गाणारी माणसं जेवायला जातीप्रमाणे वेगळी बसत होती, हे इरावती कर्वे यांनी स्वतः वारी करून लिहून ठेवलंय. तेव्हा ‘पूर्वी माणसं किती मिळून-मिसळून राहायची’ हे वाक्य ऐकलं की कोण कुणात मिसळत होतं, हे विचारलंच पाहिजे. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष मला उलटा वाटतो. जातीतल्या जातीत ओळखी व्हायला लग्नकार्यं, भावकी, कुलदैवताची यात्रा एवढं पुरतं. जातीबाहेरची मैत्री मात्र आपोआप होत नाही. तिला कुणीतरी मुद्दाम जागा आणि वेळ करून द्यावी लागते, आणि ती करून देणारा माणूस आपल्याच मातीत होऊन गेला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. सगळ्या जातींची पोरं तिथं एका छपराखाली राहायची, एकत्र शिजवायची, एका पंगतीत जेवायची. पोरांची उपासमार होऊ नये म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. भाऊरावांनी पोरांना समतेवर नुसती व्याख्यानं दिली असती, तर ती पोरं टाळ्या वाजवून आपापल्या गावी, आपापल्या आळीत परत गेली असती. त्यांनी भाकरी थापण्याच्या पाळ्या लावल्या. आज आपल्या शहरांत जातीबाहेरचा, धर्माबाहेरचा एकही जिवलग मित्र नसलेली सुशिक्षित माणसं ढिगानं आहेत. त्यांच्या मनात द्वेष असतोच असं नाही, मिरजेसारख्या गावात तर असायचं कारणही नाही, जिथं सतारीच्या घडणीत आणि ख्याल गायकीत हिंदू-मुसलमान दोन्हीकडचे हात पिढ्यान्पिढ्या गुंतलेले आहेत. त्यांना फक्त एकत्र पाळी लावणारं कुणी भेटलेलं नाही.

तिसरा आक्षेप वेळेचा. ‘बोलायला ठीक आहे, पण वेळ कुठाय?’ पुरुषांच्या तोंडी हा आक्षेप मला फारसा पटत नाही. पुण्याला रोज ये-जा करणारे, रात्रपाळीचे कामगार, वीज रात्रीच येते म्हणून दोन वाजता मोटार चालू करायला रानात जाणारे शेतकरी, यांची गोष्ट वेगळी. पण बाकीच्यांच्या हातातला मोबाइल रोज किती वेळ पाहिला याचा आकडा स्वतःच दाखवतो, तो त्यांनी एकदा उघडून बघावा. बायकांच्या बाबतीत मात्र हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं दिसलं. मुलं आणि आजारी माणसं यांच्याकडं बघण्याचा वेळ त्यात धरलेला नाही. म्हणजे नवऱ्याची मैत्री टिकते ती बऱ्याचदा बायकोच्या या जादा तीन तासांवर, आणि तिच्या मैत्रिणी मात्र लग्नाबरोबर माहेरच्या गावात राहून गेलेल्या असतात. अशा वेळी ‘वेळ काढा’ हा उपदेश बाईला करणं ही क्रूर थट्टा आहे. ठरलेला वार इथंच जास्त उपयोगी पडतो. दर बुधवारी साडेपाच ते सात ती घरात नसते, हे घराला एकदा कळलं की घर त्या दीड तासापुरतं स्वतःचा चहा स्वतः करून घ्यायला शिकतं. तिला रोज नव्यानं परवानगी मागावी लागली, तर ती चौथ्या खेपेला मागायचंच सोडून देते.

भिशीत फसवणूक होते, पैशापायी मैत्री तुटते, हेही खरं आहे. लिलावाची मोठी भिशी चालवून रातोरात पसार झालेले लोक प्रत्येक तालुक्याच्या गावाला माहीत आहेत. तेव्हा पैसा थोडा ठेवावा, किंवा ठेवूच नये. मुद्दा पैशाचा नाही. मुद्दा असा, की आपण आलो नाही तर दुसऱ्याचं काहीतरी अडेल, अशी गुंतवणूक हवी. नाटकात ती आपोआप असते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ज्या सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्या सांगलीत हौशी मंडळी आजही दिवसभराची नोकरी करून रात्री तालमीला उभी राहतात. दोन महिने रोज अडीच तास तालीम म्हणजे दीडशे तास. स्पर्धेत नंबर येवो न येवो, हॉल यांच्या हिशोबानं निम्म्याहून जास्त वाट चालून झालेली असते. प्रकाशयोजनेवाला आला नाही तर सगळ्यांचा खोळंबा, म्हणून तो तापातही येतो. साताऱ्यात २०१२ पासून हिल मॅरेथॉन सुरू झाली आणि यवतेश्वरच्या घाटात पहाटे धावणाऱ्यांच्या टोळ्या दिसू लागल्या. त्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत, गॅरेजवाले आहेत, पन्नाशीत पहिल्यांदा बूट घेतलेल्या बायका आहेत. रविवारी साडेपाचला पोवई नाक्यावर आपण दिसलो नाही, तर सहाच्या आत फोन वाजतो, एवढ्या धाकावर ही मंडळी अंथरुणातून उठतात. एरवी त्यांची एकमेकांशी गाठ पडली असती ती दवाखान्यात, कोर्टात किंवा गाडी बिघडल्यावर.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ च्या अहवालात जगातल्या दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणाचा त्रास असल्याचं म्हटलंय. ब्रिटननं २०१८ मध्येच त्यासाठी मंत्री नेमला. आपल्याला मंत्री नको. आपल्या शहरांत कुलपं उघडली तरी पुष्कळ होईल. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या आणि सातारा नगरपालिकेच्या हद्दीत शाळांच्या इमारती संध्याकाळी रिकाम्या असतात. वसाहतीच्या मोकळ्या जागेवर आमदार-खासदारांच्या निधीतून बांधलेली समाजमंदिरं असतात, उद्घाटनाची कोनशिला चकचकीत आणि दाराला गंजकं कुलूप, किल्ली कुणाच्या तरी कार्यकर्त्याकडं. आठवड्यातून एकदा नेमानं भेटणाऱ्या कुठल्याही गटाला यातली एक खोली दोन तास फुकट द्यावी. मग ते तबला शिकोत, कॅरम खेळोत, एकत्र वर्तमानपत्र वाचोत किंवा वाळवणं घालोत. अट दोनच: बाहेर फळ्यावर वार आणि वेळ लिहायची, आणि दारात आलेल्या नव्या माणसाला आत घ्यायचं.

दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे, कारण जमलेला कंपू नव्या माणसाला सहजासहजी आत घेत नाही, मग तो तालमीचा असो की धावणाऱ्यांचा. बदली होऊन आलेली तहसील कार्यालयातली कारकून, मिरजेच्या दवाखान्यात केरळातून आलेली परिचारिका, कुपवाडच्या एमआयडीसीत काम करणारा बिहारी पोरगा, घटस्फोटानंतर माहेरच्या शहरात पण माहेरच्या घरापासून लांब राहणारी बाई, यांच्यासाठी कुठल्याच वहीत रकाना नसतो. भिशीचं नवं वर्ष सुरू होताना एखादी जण गाव सोडून गेलेली असते आणि तिची जागा भरायची असते. समोरच्या इमारतीत गेल्या महिन्यात राहायला आलेल्या बाईला विचारायचं की कुणाच्या तरी जावेला घ्यायचं, हे वही ठेवणारी ठरवते, आणि आजवर बहुतेक वेळा नंबर जावेचाच लागत आलेला आहे.